दुष्काळातून आलेल्याला आश्रय मिळतच नाही का?

मानदेशी:
मी जर्मनीत हायडेलबर्गजवळ राहते, दर शनिवारी निर्वासितांच्या वसतिगृहात जर्मन शिकवते. सोमालियाच्या बाय भागातला 22 वर्षांचा एक मुलगा येतो. काल त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून आश्रयाचा अर्ज नाकारल्याची नोटीस काढून पुढ्यात ठेवली. मुलाखतीत "का आलास?" विचारल्यावर तो म्हणाला होता, "अबार." म्हणजे दुष्काळ. मला आधी 'आबाळ'च ऐकू आलं. सलग पाच पावसाळे कोरडे गेले, 40 शेळ्या संपल्या, आई बैदोआच्या छावणीत. नोटीस म्हणते, उपासमार हे संरक्षणाचं कारण नाही. माझं माहेर आटपाडीचं, चारा छावण्या बघत वाढले. त्याला हे कोणत्या तोंडाने सांगू?

श्रीरंग:
ताई, 1951च्या निर्वासित करारात पाचच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट, राजकीय मत. शिवाय छळणारा कोणीतरी हवा. दुष्काळावर फिर्याद लागत नाही. युरोपच्या दुय्यम संरक्षणालाही (निर्वासित न ठरलेल्या, पण परतल्यास गंभीर इजेचा धोका असलेल्यांसाठीचं) इजा करणारा लागतो. पण नोटिशीत हद्दपारी-बंदीचा, म्हणजे मायदेशी परत पाठवायला मनाई आहे का याचा, वेगळा परिच्छेद असेल, तो नीट वाचा. जर्मन निवास कायद्याचं कलम 60, पोटकलम 5 आणि 7. ते मिळालं तर किमान वर्षभराचा परवाना मिळतो. आधी नकाराविरुद्ध कोर्टात दावा लावायची मुदत बघा, ती शेवटी छापलेली असते.

अनघा:
मी दुभाषी म्हणून अशा मुलाखतींना बसले आहे. "भूक" म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात, हे फार वाईट आहे. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 28 जून 2011 रोजी सूफी आणि एल्मी विरुद्ध ब्रिटन खटल्यात सोमालियातली हलाखी निव्वळ गरिबी किंवा दुष्काळाची मानली नाही. लढणाऱ्या गटांनी ती ओढवली होती, अल-शबाब ही तिथली सशस्त्र इस्लामी संघटना मदत संस्थांना आत येऊ देत नव्हती. म्हणून त्याला विचारा, शेळ्या फक्त पावसावाचून गेल्या का? नवीन काही निघालं तर ते आधी का सांगितलं नाही, हेही कोर्टात सांगावं लागेल.

मानदेशी:
अनघाताई, विचारलं. बोटांवर मोजत म्हणाला, 11 शेळ्या अल-शबाबने जकात (धर्माच्या नावाचा कर) म्हणून नेल्या. मग लढायला ये म्हणून त्याला दोनदा निरोप आला. दुसऱ्या निरोपाच्या रात्रीच आईने बाहेर काढलं. "हे का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "ते सगळ्यांच्याच घरी होतं. त्यात सांगण्यासारखं काय?"

हे सगळं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलंय. मुदत गुरुवारपर्यंत आहे. सोमवारी सकाळी नऊला सल्ला केंद्र उघडतं, रजा टाकून मी त्याच्याबरोबर जातेय.