जर्मन गावाच्या मानचिन्हात चाक कशाचं?

पेठकर_पुणे
शाळेत येणाऱ्या जर्मन पाहुण्यांसाठी स्वागताचा फ्लेक्स करायचाय. त्यांचं गाव हेसे राज्यात, माइन नदीकाठी. मानचिन्हाची ढाल आडवी दुभागलेली: वर लाल जमिनीवर पांढरं सहा आऱ्यांचं चाक, खाली पांढऱ्यावर निळा नागमोडी पट्टा. पट्टा नदीचा असावा. चाक पाणचक्कीचं का? आणि छापताना काय सांभाळायचं?

ढालपुराण
पाणचक्की नाही. तिच्या चाकाला बाहेरून पाती काढतात. ख्रिस्ती संत कॅथरीनची खूणही चाकच, पण ते असतं, तर मोडकं किंवा कडेला सुऱ्या लावलेलं दिसलं असतं. लालवर पांढरं सहा आऱ्यांचं चाक ही माइन्त्स शहराच्या आर्चबिशपची (वरिष्ठ ख्रिस्ती धर्मगुरूची) खूण. हा नुसता धर्मगुरू नव्हे. सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी एक आणि मोठ्या मुलखाचा धनी. ते संस्थान १८०३ मध्ये बरखास्त झालं, खूण मात्र टिकली. दूरच्या एर्फुर्ट शहराच्या ढालीवरही हेच चाक आहे. गावांची मानचिन्हं बरीचशी विसाव्या शतकात मंजूर झाली आणि त्यात जुना सत्ताधीश दाखवायची पद्धत पडली. पट्टा नदीचाच.

विलिगिस हा आर्चबिशप चाकं बनवणाऱ्याचा मुलगा, म्हणून हे चाक, ही गोष्ट फ्लेक्सवर नको. तो १०११ मध्ये वारला. ढालींवर अशी कायमची चिन्हं आली बाराव्या शतकात.

रंगरेषा
छपाईचं सांगतो. ढालीवरची चांदी म्हणजे पांढरा, सोनं म्हणजे पिवळा. डिझायनर हौसेने करडा भरतात. मग चाक मळकट दिसतं आणि लांबून हरवतं. साधं फ्लेक्सचं मशीन पांढरी शाई मारत नाही, पांढऱ्या जागी कापडच दिसतं, म्हणून कापड शुभ्र घ्या. चाक मधल्या रेषेला टेकवू नका, खालच्या पांढऱ्यात मिसळेल. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट मोठा केला की कडा फाटतात. व्हेक्टर फाइल मागा, ती कितीही मोठी केली तरी कडा साफ राहतात.

पेठकर_पुणे
लाल नेमका कुठला? आणि गावाने पाठवलेल्या वर्णनात दुसऱ्या एका ढालीबद्दल ‘उजवीकडे सिंह’ आहे, चित्रात तो डावीकडे दिसतो.

ढालपुराण
बरोबरच आहे. डावं-उजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, त्यामुळे बघणाऱ्याला उलट दिसतं. चित्र फिरवू नका. लालची छटा वर्णनात बहुधा ठरलेली नसते. गावाची स्वतःची फाइल असेल तर तीच वापरा. ती मागताना मानचिन्ह छापायची परवानगीही लेखी घ्या.