जायफळाचे वेढे किती? गुण आला असेल, त्रास झाला असेल, दोन्ही लिहा

श्रीखंडात, पुरणात, कोजागिरीच्या दुधात घालतो तेच जायफळ आपल्याकडे औषध म्हणूनही चालतं, झोपेला, जुलाबांना, बाळगुटीत. तुमचे अनुभव सांगा, आणि किती घेता, किती वेढे (सहाणेवर गोल फिरवून उगाळायचे फेरे), तेही लिहा प्लीज, कारण ज्याची त्याची चिमूट वेगळी असते.

मीच सुरुवात करतो. झोप येत नव्हती म्हणून दुधात तयार पूड घेतली चमचाभर, तासाभरात काहीच होईना म्हणून अजून दीड चमचा, आणि इथेच माती खाल्ली, कारण ते चढायला चार-पाच तास लागतात हे कुठे माहीत होतं! पहाटे तीनला जाग आली तर जीभ टाळ्याला चिकटलेली, छातीत धडधड, पंखा फिरतोय की मी तेच कळेना. बायकोने तसंच कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, अख्खं जायफळ साधारण 5 ग्रॅम भरतं आणि तेवढंसुद्धा बाधायला पुरतं. दुसरा पूर्ण दिवस गुंगीत गेला.

---

आमची आजी वेढेच मोजायची. सहाणेवर दोन थेंब दूध, जायफळाचा एक वेढा, फार तर दोन, की हात मागे. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सगळ्यांचे वेढे ठरलेले. मिक्सर आणि रेडिमेड पूड आली आणि तो हिशोबच गेला. पण वेढ्यांनाही मर्यादा आहे हां, वहिनीने बाळ रात्रभर रडतं म्हणून पाच-सहा वेढे दिले तर ते दूध प्यायलाही उठेना, उचललं तरी मान टाकत होतं. पीडियाट्रिशियनने सगळ्यांनाच झापलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. आजीची माफी मागून गुटी बंद केली.

---

मला जुलाबांवर गुण येतो, ताकात अगदी चिमूट. वैद्य त्याला ग्राही म्हणतात, म्हणजे मळ बांधून धरणारं, त्यामुळे बद्धकोष्ठवाल्यांनी लांबच राहा. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर घरी प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर गाठा.

---

गरोदर असाल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर औषध म्हणून अजिबात नको. पुरणातल्या वासापुरतं ठीक आहे.

---

मी दापोलीकडची, आमच्या नारळ-पोफळीत जायफळाची झाडं आहेत. यात नर-मादी झाड वेगळं, बियांची रोपं लावली तर फुलं येईपर्यंत सहा-सात वर्षं पत्ता लागत नाही, आमचे अकरातले पाच नर निघाले, आता कलमंच लावतो. फळं ऐन पावसात पण येतात आणि वाळवायची बोंब, नीट वाळलं नाही की बुरशी धरते. कवचासकट घ्या, कानाशी हलवा, खुळखुळलं तर वाळलंय. फोडल्यावर काळपट किंवा किडकं निघालं तर औषधाला सोडाच, श्रीखंडातही घालू नका. फळाच्या सालीचं लोणचं झकास होतं, कोणाला हवं असेल तर कृती टाकते.