विषय: गणेशोत्सवाचे सभागृह – बदललेल्या अटी

सचिव:
सभागृहाच्या व्यवस्थापकांनी गेल्या महिन्यात पाठवलेली ‘सुधारित नियमावली’ आपण पाहिली असेलच. सभागृह आता अकराऐवजी दहालाच रिकामे करायचे आहे, स्वच्छतेचे दीडशे पौंड वेगळे आहेत, आणि आठ दिवसांत हरकत न आल्यास मान्यता गृहीत धरली जाईल असे शेवटी लिहिले आहे. ते आठ दिवस उलटून गेले, आणि त्यानंतर आपला दुसरा हप्ताही भरला गेला. या अटी आपल्याला बांधील होतात का, एवढेच विचारायचे आहे. महाप्रसादाच्या वेळेची चर्चा कृपया येथे नको.

माजी खजिनदार:
बांधील होत नाहीत. मौन म्हणजे संमती नव्हे, हे इंग्लंडच्या न्यायालयाने 1862 मध्येच फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यात ठरवले आहे. त्यात काकाने पुतण्याला कळवले होते की, उत्तर आले नाही तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना माझा झाला असे मी समजेन. पण काकाला तो घोडा मिळाला नाही. (काका-पुतण्यांचे व्यवहार लेखीच असावेत, हे आपल्याकडच्या मंडळींना वेगळे सांगायला नको.) हप्ता मूळ रकमेचाच भरला असेल, तर तो मूळ कराराचेच पालन ठरतो. पावती कोणी पाहिली आहे का?

नाना:
भारतीय करार कायदा, 1872, कलम 62 पाहावे. करारात बदल करायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते. पुण्यातील आमच्या इमारतीचा आराखडा बांधकाम व्यावसायिकाने परस्पर बदलला, तेव्हा रेरा या भारतातील स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दोनतृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती दाखवा, असे आम्ही ठणकावून सांगितले होते.

कायदा सल्लागार:
नाना, आपला करार इंग्लंडच्या कायद्याखाली आहे. पुण्याचा अनुभव येथे कामाचा नाही. करारातील सतरावे कलम कोणीच वाचलेले दिसत नाही. दोन्ही पक्षांच्या सहीच्या लेखाशिवाय कोणताही बदल ग्राह्य नाही, असे ते सांगते. रॉक अॅडव्हर्टायझिंग विरुद्ध एमडब्ल्यूबी या 2018 च्या खटल्यात लंडनमधील भाडेकरूने थकबाकीचे नवे हप्ते फोनवर ठरवून घेतले होते. अपील न्यायालयाने 2016 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाने लॉर्ड सम्प्शन यांच्या मुख्य निकालपत्राने तो फिरवला आणि अशा कलमाला पूर्ण बळ दिले. म्हणून नियमावली लागू होत नाही. पण शनिवारी दुपारी बारापासून आत येऊ देण्याचे जे आश्वासन सांस्कृतिक समितीला फोनवर मिळाले आहे, तेही याच कलमामुळे टिकत नाही.

सांस्कृतिक समिती:
हे आश्वासन आम्हाला दरवर्षी तोंडीच मिळते आणि दरवर्षी पाळले जाते. मखर उभारायला किती वेळ लागतो, याची कल्पना कायद्याच्या कलमांना नसते. सभागृहाशी बोलण्याचे काम आजवर आमच्याकडेच होते आणि ते तसेच राहावे.

कायदा सल्लागार:
दरवर्षी पाळले जाते म्हणून यंदाचा हक्क सिद्ध होत नाही. लेखी औपचारिकता नसली तरी हा बदल आम्हाला बंधनकारक आहे, असे समोरच्याने शब्दांनी किंवा वागण्यातून निःसंदिग्धपणे दाखवले असेल आणि आपण त्यावर विसंबलो असू, तरच आपल्याला बाजू मांडता येईल. फोनवरच्या नुसत्या ‘हो’ने ते भागत नाही. दुसरे म्हणजे, सभागृहाला कोणीही परस्पर ‘ठीक आहे’ असे कळवून खाली नाव टाकू नये. गोव्याच्या साळगावकर मायनिंगच्या 2012 च्या प्रकरणात येथील अपील न्यायालयाने ई-मेलखाली टंकलेले दलालाचे नुसते पहिले नावही सही म्हणून मानले होते.

माजी खजिनदार:
मग तेच कलम वापरून दुपारी बाराचीही लेखी मागणी करावी. माझ्या कारकिर्दीत अशी पत्रे खजिनदारच पाठवत असे.

सचिव:
पत्र मीच पाठवीन. नियमावली अमान्य असल्याचे आज कळवतो. शनिवारच्या वेळेसाठी दुरुस्तीपत्रक वेगळे जाईल, त्यावर दोन्ही सह्या होईपर्यंत मखराचे सामान व्हॅनमध्येच ठेवावे. मूळ कराराची सही केलेली प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती संध्याकाळपर्यंत पाठवावी. माझ्याकडील प्रतीवर फक्त आपलीच सही आहे.