अननसाचे व्यक्तिचित्र

वर एका सदस्यांनी लिहिले आहे की, माळी गुडघा टेकून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला अननस नजर करतो ते सतराव्या शतकातील चित्र म्हणजे तिथे पिकलेल्या पहिल्या अननसाचा पुरावा होय. हे मत मला पटत नाही. तो अननस वेस्ट इंडीजमधून आलेला असण्याचीच शक्यता अधिक, कारण या झाडाला इंग्लंडमध्ये भरवशाने फळ धरू लागले ते अठराव्या शतकात.

त्या यशाची नोंद ठेवणारे चित्र निराळे आहे. डच चित्रकार थिओडोरस नेट्शर यांनी 1720 मध्ये रंगवलेले हे तैलचित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात असून, व्यापारी मॅथ्यू डेकर यांच्या लंडनजवळच्या रिचमंड येथील बागेत पिकलेला अननस हाच त्याचा नायक आहे. चित्रात माणूस नाही. एखाद्या सरदाराला उभे करावे तसे ते एकटे झाड, काटेरी पाने पसरून आणि फळावर तुरा मिरवत, मोकळ्या निसर्गदृश्यापुढे उभे केले आहे. गंमत अशी की, प्रत्यक्षात ते उघड्यावर जगलेच नसते. काचघरात, कातडी कमावण्यासाठी वापरलेल्या ओकच्या सालीच्या कुजण्यातून निघणाऱ्या उबेवर अशी झाडे जगवली जात, आणि हा सारा खटाटोप चित्रकाराने चौकटीबाहेर ठेवला आहे.

‘अननस’ हा शब्दही पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेत आहे. ज्यांनी हे फळ प्रथम लावले, जोपासले, त्या लोकांची खूण मात्र या दोन्ही चित्रांत कुठेही दिसत नाही.