नर्मदा परिक्रमा पायी : सॅक ११ किलोंची झालीये, काय काढू? (मदत हवी आहे)

नर्मदे हर मंडळी.

देवउठनी (कार्तिकी) एकादशी झाली की ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलायची ठरवलंय. वय ५९, गुडघे ठीकठाक, बायकोची परवानगी मिळालेली आहे (सगळ्यात अवघड काम तेच होतं). रोजचे वीस किलोमीटर धरले तर साडेचार-पाच महिने लागतील.

मागच्या शनिवारी रात्री पूर्ण भरलेली सॅक घेऊन कात्रज ते सिंहगड केलं. निघण्याआधी किराणावाल्याच्या काट्यावर वजन केलं होतं : ११ किलो ४००, पाणी सोडून. पहिल्या दोन टेकड्या मजेत गेल्या. पुढे उतारावर डावा गुडघा बोलायला लागला. हे एका रात्रीचं, तिथे चार महिने रोज.

नुसती रिकामी सॅकच दोन किलोंच्या वर आहे, साठ लिटरची. स्लीपिंग बॅग १ किलो ९००. कपड्यांचे तीन जोड. मेतकूट, लाडू, चटण्या मिळून सव्वा किलो. त्यावर वाटाघाटी चालू आहेत. नर्मदाजलाची कुपी, बसायचं आसन, हातातला दंड (काठी) यांना अर्थातच हात लावणार नाही.

खरी अडचण हवामानाची. मैया (नर्मदा) उजव्या हाताला ठेवायची, म्हणजे आधी दक्षिण तटाने शूलपाणीची झाडी (जंगल), मग नावेने समुद्र ओलांडून उत्तर तट. जानेवारीतली थंडी उत्तर तटावर, उघड्या घाटांवर काढायची. अमरकंटक हजार मीटरच्या वर, तिथे पोचेपर्यंत फेब्रुवारीची अखेर. आणि परतताना नर्मदापुरमच्या आसपास एप्रिलचं ऊन. एकाच सॅकमध्ये दोन्ही ऋतू कसे बसवायचे?

दुसरं, सदावर्तात (परिक्रमावासींना फुकट अन्न देतात ती ठिकाणं) कोरडा शिधा मिळतो तिथे स्वतः रांधावं लागतं. भांडी किती न्यावीत?

तिसरं, बूट की सँडल? दुकानदाराने घोट्यापर्यंतचे बूट गळ्यात मारलेत.

ज्यांनी पायी केली आहे त्यांनीच सांगा, प्लीज. गाडीने केलेल्यांचा आदर आहे, पण त्यांचं सामान डिकीत होतं.

प्रतिसाद १

नर्मदे हर काका! स्लीपिंग बॅग घरी ठेवा. बहुतेक आश्रमांत सतरंजी मिळते, गर्दी असली तर नाही मिळत. मी आईची जुनी सुती साडी दुहेरी शिवून खोळ केली होती, वर एक लोकरीची शाल. थंडीत खोळीत शिरून शाल पांघरायची, एप्रिलमध्ये नुसती खोळ. शाल, स्वेटर, कानटोपी मी अमरकंटकहूनच पोस्टाने घरी पाठवून दिली.

कपडे दोनच जोड. एक अंगावर, एक दोरीवर. टॉवेलऐवजी पंचा, तासाभरात वाळतो. सॅक चाळीस लिटरची घ्या, मोठी घेतली की माणूस भरतोच.

प्रतिसाद २

बूट नकोत! प्रत्येक आश्रमाच्या, देवळाच्या दारात काढायचे आणि पुन्हा लेस बांधत बसायचं, चौथ्या दिवशी कंटाळाल. शिवाय पाय सुजतात. एक नंबर मोठी, मागे पट्टा असलेली सँडल घ्या, आत सुती मोजे. पण आत्तापासून वापरा, नवी कोरी नेऊ नका.

भांडं एकच, झाकणवालं. त्यातच खिचडी, त्यातच जेवण. झाकण म्हणजे ताटली. टिक्कड (जाड रोट्या) निखाऱ्यावर भाजता येतात, तव्याची गरज नाही. साधारण सहा-सात किलोंच्या आत बसा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. स्लीपिंग बॅग माळ्यावर गेली. साडीचं घरी बोललो, तर 'कुठली नेणार ते मी ठरवणार' असं उत्तर आलंय. आता काटा ८ किलो १०० दाखवतोय. औषधांचा डबा ६०० ग्रॅमचा आहे (बीपीच्या गोळ्या पाच महिन्यांच्या), त्या वाटेत बडवाणी, भरूच, जबलपूरला विकत घेत गेलो तर चालेल का? की मधल्या टप्प्यांत पंचाईत होते?