मदत हवी आहे: वसई-विरारची २००१ आणि २०११ ची लोकसंख्या एकाच हद्दीत कशी मोजायची?

मुंबईकर मंडळी, जनगणनेच्या तक्त्यांवर काम केलेलं कुणी आहे का?

वसई-विरार महापालिका झाली जुलै २००९ मध्ये. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून. २००१ ला या चार शहरांची बेरीज सुमारे ४.७ लाख, २०११ ला महापालिकेची सुमारे १२.२ लाख. थेट वजाबाकी केली की वाढ १६० टक्के दिसते आणि हाच आकडा सगळीकडे फिरतो. तो चूकच आहे, कारण हद्दच बदलली. २००१ च्या बाजूला ती गावंही धरायला हवीत.

अडतंय ते इथे. २००१ चे जनगणनेतले गाव-कोड (प्रत्येक गावाला दिलेला क्रमांक) आठ अंकी, २०११ चे सहा अंकी, त्यामुळे एक्सेलमध्ये कोडवरून जोडणी होतच नाही. त्यात सुरुवातीची शून्यं उडतात. ती टिकवायला कोडचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा लागतो. नावावरून जुळवावं तर इंग्रजी स्पेलिंग वेगळं.

दोन्ही कोड शेजारी-शेजारी असलेली वसई तालुक्याची यादी कुणाकडे आहे का? शोधताना ठाणे जिल्ह्यात बघा, कारण पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. महापालिकेत अर्धवट समाविष्ट गावं असतील तर लोकसंख्या कशी विभागता, क्षेत्रफळावर की घरांवर? खाडीकाठी वस्ती नसलेली मिठागरं असल्याने क्षेत्रफळावर माझा भरवसा नाही.