निवेदकाची गरज आजही आहे

आपली गाणी थेट यूट्यूबवर टाकता येत असताना स्वतंत्र कलाकारांना स्थानिक रेडिओ निवेदकाची गरज उरली आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ठाम होकारार्थी आहे. बीबीसीने 2007 मध्ये सुरू केलेल्या 'इंट्रोड्यूसिंग' या उपक्रमात नवोदित गायक आपले गाणे संकेतस्थळावर पाठवतो, ते त्याच्याच भागातील केंद्राकडे जाते आणि तिथला निवेदक पसंत पडल्यास ते आपल्या कार्यक्रमात वाजवतो, शिवाय राष्ट्रीय वाहिन्यांकडे त्याची शिफारसही करू शकतो. ब्रिटिश गायक जॉर्ज एझ्रा 2013 मध्ये इंग्लंडमधील ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात गायला, तो याच उपक्रमाच्या रंगमंचावर. ज्याला अजून श्रोताच मिळालेला नाही अशा गाण्याची बाजू घेणे हे मुळात माणसाचे काम आहे, आणि शहरातल्या लहानसहान मैफलींना जातीने हजर राहणारा निवेदकच ते नेटाने करू शकतो. म्हणूनच बीबीसीच्या स्थानिक रेडिओच्या 2023 च्या पुनर्रचनेत हे स्थानिक कार्यक्रम 32 वरून 20 वर आणले गेले, ही गोष्ट मला फार खटकते. दोन परगण्यांचे कार्यक्रम एकत्र केले की निवेदकापुढची गाणी वाढतात, प्रसारणाचा वेळ मात्र तेवढाच राहतो.